आवाजावर चालणारा बिनतारी हेडसेट : जोडणी आणि सुरक्षित वापर

परदेशी नोकरीला असलेला मुलगा सुट्टीवर येतो, तेव्हा आईवडिलांसाठी एखादी नवी वस्तू हमखास आणतो. अलीकडे या भेटींमध्ये बिनतारी हेडसेटची भर पडली आहे. मुलगा दोन दिवस ते यंत्र कसे वापरायचे हे समजावतो आणि परत जातो. त्यानंतर ती पेटी कपाटात विसावते. दुसऱ्या बाजूला, घरातील तरुण मंडळी तेच यंत्र दिवसभर कानात घालून रस्त्यावर, रेल्वेच्या फलाटावर आणि दुचाकीवर वावरताना दिसतात. ज्यांना त्याची खरी गरज आहे ते ते वापरत नाहीत आणि जे वापरतात ते सांभाळून वापरत नाहीत. म्हणूनच या यंत्राची रचना, जोडणी आणि धोके यांची सविस्तर माहिती येथे देत आहोत.

हे यंत्र कोणासाठी?

संधिवाताने बोटे आखडलेली आजी, हात थरथरणारे आजोबा, दृष्टी गमावलेली व्यक्ती, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा करणारी सून, मातीने वा पिठाने हात माखलेले असताना फोन घेणारे शेतकरी आणि गृहिणी, या सर्वांना हेडसेट हे खरे साहाय्य आहे. फोन वाजला की तोंडाने एक शब्द उच्चारायचा आणि बोलू लागायचे. उठणे नाही, धावणे नाही, बटण शोधणे नाही. वृद्धापकाळातील अनेक पडझडी घाईघाईत उठताना होतात. त्यातील एक जरी टळली तरी या यंत्राची किंमत वसूल झाली असे म्हणावे लागेल.

दोन प्रकार

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे बिनतारी हेडसेट मिळतात. पहिला प्रकार कार्यालयातील वा घरातील टेबलावरच्या दूरध्वनीसाठी असतो. त्याला एक बैठक असते. ती तारेने दूरध्वनीला जोडतात आणि तीच हेडसेट चार्जही करते. बैठक आणि हेडसेट यांच्यातील संभाषण बहुधा ‘डेक्ट’ या पद्धतीने होते. ही पद्धत युरोपात तयार झाली आणि तेथे ती १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. तिचा पल्ला इमारतीच्या आत साधारण ५० मीटरपर्यंत असतो. काही जुन्या दूरध्वनींना रिसीव्हर उचलून धरणारा छोटा यांत्रिक हात बसवतात. हेडसेटवरील कळ दाबली की तो हात रिसीव्हर वर उचलतो.

दुसरा प्रकार मोबाइल फोनसाठी असून तो ‘ब्लूटूथ’ या पद्धतीवर चालतो. आपल्याकडे हाच अधिक प्रचलित आहे. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. हेडसेटमधील नेहमीच्या वर्गाच्या यंत्राचा पल्ला सुमारे १० मीटर असतो. घरातील वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा पट्टाही हाच. त्यामुळे स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू असताना आवाज खरखरू लागला, तर हेडसेट बिघडला असे समजू नये. दोन पावले दूर जावे. आपले शरीरही या लहरी शोषून घेते. फोन डाव्या खिशात आणि हेडसेट उजव्या कानात असेल, तर आवाज तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून दोन्ही एकाच बाजूला ठेवावेत.

ब्लूटूथ या नावामागे एक इतिहास आहे. दहाव्या शतकात डेन्मार्कवर हाराल्ड नावाचा राजा राज्य करीत होता. ‘निळा दात’ अशा अर्थाचे त्याचे टोपणनाव होते. येलिंग या गावी त्याने उभारलेली कोरीव शिळा आजही तेथे आहे. त्याने डेन्मार्क व नॉर्वे आपल्या सत्तेखाली आणले आणि डॅनिश लोकांना ख्रिस्ती केले, असे त्या शिळेवर कोरलेले आहे. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून १९९७ साली प्रयत्न सुरू असताना, इंटेल कंपनीचे अभियंते जिम कार्डाक यांनी या राजाचे नाव तात्पुरते म्हणून सुचवले आणि तेच पुढे कायम झाले. ब्लूटूथचे बोधचिन्हही हाराल्डच्या आद्याक्षरांच्या प्राचीन लिपीतील दोन खुणा एकत्र करून बनवले आहे.

खरेदी करताना

सर्वात स्वस्त वस्तूच्या मोहात पडू नये. हेडसेटमध्ये लिथियमची बॅटरी असते आणि ती कानाला लागून राहते. पेटीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. हा क्रमांक खरा की खोटा, हे ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येते.

वृद्ध व्यक्तीसाठी घेताना दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. एक, कानामागे अडकणारी आकडी असावी. कानात नुसती खोचायची यंत्रे लहान असतात, ती पडतात आणि हरवतात. दोन, कळ मोठी आणि हाताला जाणवणारी असावी. दोन्ही कान झाकणाऱ्या हेडसेटपेक्षा एका कानाचा बरा, कारण दुसरा कान दारावरच्या घंटेसाठी आणि घरातील हाकेसाठी मोकळा राहतो.

जोडणीची रीत

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत थोडाफार फरक असला, तरी पुढील क्रम बहुतेक सर्व ब्लूटूथ हेडसेटना लागू पडतो.

१. प्रथम हेडसेट पूर्ण चार्ज करावा. अर्धवट चार्जवर जोडणी मध्येच तुटते आणि नवख्या माणसाचा उत्साह मावळतो.

२. हेडसेट बंद असताना त्याची मुख्य कळ काही सेकंद दाबून धरावी. दिवा आलटून पालटून, बहुधा लाल आणि निळा, लुकलुकू लागला की हेडसेट जोडणीस तयार झाला असे समजावे. काही हेडसेट तसे तोंडाने सांगतातही.

३. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ब्लूटूथ सुरू करावे. सापडलेल्या यंत्रांच्या यादीत आपल्या हेडसेटचे नाव दिसेल, त्यावर बोट ठेवावे. जुन्या हेडसेटला गुप्तांक लागतो. तो बहुधा चार शून्ये असतो आणि माहितीपत्रकात छापलेला असतो.

४. फोन परवानगी विचारील. संपर्क यादी वाचण्याची परवानगी दिली, तर फोन करणाऱ्याचे नाव हेडसेट कानात सांगू शकतो. हेडसेट आपला स्वतःचा असेल तरच ही परवानगी द्यावी.

५. कानात बसवायचे रबरी टोपण साधारणतः तीन आकारांत येते. तिन्ही घालून पाहावीत. सैल टोपणामुळे आवाज कमी येतो आणि मग माणूस आवाज वाढवत सुटतो. बोलण्याची दांडी असल्यास तिचे टोक ओठांच्या कोपऱ्याकडे असावे, थेट तोंडासमोर नसावे. अन्यथा श्वासाचा फूत्कार समोरच्याला ऐकू जातो.

६. शेवटी घरातीलच दुसऱ्या व्यक्तीला फोन लावून पाहावे. चाचणीसाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक कधीही फिरवू नये.

एकदा झालेली जोडणी फोन लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवसापासून हेडसेट सुरू केला की तो आपोआप जोडला जातो.

आवाजाची आज्ञा

आवाज ओळखण्याचे काम दोन ठिकाणी होऊ शकते आणि हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. काही हेडसेटमध्ये मोजके शब्द ओळखण्याची सोय आतच असते. उदाहरणार्थ, प्लँट्रॉनिक्स कंपनीच्या ‘व्हॉयेजर लेजंड’ या हेडसेटला फोन वाजत असताना ‘आन्सर’ म्हटले की फोन घेतला जातो आणि ‘इग्नोर’ म्हटले की तो नाकारला जातो. असे शब्द ठरलेले आणि बहुधा इंग्रजी असतात. ते आजीआजोबांना पाठ करून द्यावेत. जपमाळेसारखे रोज दोन-चार वेळा म्हणवून घेतले, की चार दिवसांत जिभेवर बसतात.

अन्य हेडसेट स्वतः काही ओळखत नाहीत. त्यांची कळ दाबली, की ते आपला आवाज फोनमधील आवाजी साहाय्यकाकडे पोहोचवतात आणि फोन लावण्याचे काम तो करतो. गुगलच्या साहाय्यकाला मराठी समजते. फोनच्या सेटिंग्जमध्ये भाषा मराठी निवडली, की ‘मुलीला फोन लाव’ असे आपल्या भाषेत सांगता येते. मात्र या कामी इंटरनेटची गरज पडू शकते. मोबाइलचा डेटा बंद असेल, तर आज्ञा वाया जाण्याचा संभव असतो.

आपल्याकडे एक विशेष अडचण संभवते. एकाच आळीत चार मेरी आणि पाच जॉन असतात, आडनावेही तीच. अशा वेळी साहाय्यकाचा गोंधळ होतो आणि भलत्यालाच फोन लागतो. यावर सोपा उपाय असा, की महत्त्वाची पाच-सहा नावे नात्याने साठवावीत: थोरली मुलगी, धाकटा मुलगा, डॉक्टर, शेजारची काकू. दोन नावांचा उच्चार सारखा नसावा. नाव इंग्रजी अक्षरांत साठवले आहे की देवनागरीत, यावरूनही ओळखण्यात फरक पडू शकतो. दोन्ही करून पाहावे आणि जे चालेल ते ठेवावे.

फोनवर ‘स’ म्हटलेला ‘फ’ ऐकू येतो, ‘त’ चा ‘प’ होतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. जुन्या दूरध्वनी पद्धतीत आवाजाचा सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग पुढे पाठवला जात असे. या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याहून वरच्या पट्ट्यात असतो. नव्या हेडसेटमध्ये अधिक विस्तृत पट्टा वापरणारी पद्धत असते. तिला माहितीपत्रकात ‘वाइडबँड’ किंवा ‘एचडी व्हॉइस’ म्हणतात. ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी हे पाहूनच हेडसेट घ्यावा.

कानांची काळजी

हेडसेट आवाज थेट कानात सोडतो, त्यामुळे अपाय नकळत होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकानुसार, प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित साधे नाही. आवाज केवळ ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ डेसिबलला १० तास. आवाजाची कळ दोन घरे वर सरकवली, की आठवड्याची मर्यादा दोन दिवसांतच संपू शकते.

घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा अशी : हेडसेट कानात असताना हातभर अंतरावरील माणसाचे नेहमीचे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करावा. हेडसेट काढल्यावर कानात गुंजन होत असेल किंवा आवाज दबल्यासारखे वाटत असेल, तर तो इशारा समजून कानांना विश्रांती द्यावी.

वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात प्रथम वरच्या पट्टीचे आवाज हरपतात. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. अशा वेळी हेडसेटचा आवाज वाढवून उपयोग होत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. कधी कधी नुसता साचलेला मळही कारण असतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते काढून हेडसेट घालण्याऐवजी, ब्लूटूथची सोय असलेल्या श्रवणयंत्राबद्दल तज्ज्ञांना विचारावे.

रस्ता आणि रेल्वे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. हात मोकळे आहेत, म्हणजे गाडी चालवताना बोलायला हरकत नाही, असा समज सर्वत्र पसरला आहे. तो चुकीचा आहे.

१९९७ साली टोरँटो येथील रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनाने ती कमी होत नाही, असे त्यांना आढळले. २००६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवर बोलणारे चालक आणि मद्य घेतलेले चालक यांची तुलना केली. फोन हातात असो वा नसो, फोनवर बोलणाऱ्यांचे ब्रेक लावणे मंदावले होते आणि त्यांच्याकडून अपघातही अधिक झाले. यामागचे कारण असे, की गुंतलेले असते ते मन. डोळे रस्त्याकडे पाहत असतात, पण जे दिसते त्याची मनात नोंद होत नाही. शेजारी बसलेला माणूस समोरचे वळण पाहून क्षणभर गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ते वळण दिसत नाही. तो बोलतच राहतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याने ‘हातातले’ साधन म्हटले, म्हणून कानातले साधन निर्धोक ठरत नाही. दुचाकीस्वारांनी तर हेल्मेटखाली हेडसेट घालूच नये. त्यामुळे हेल्मेट नीट बसत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगाही ऐकू येत नाही.

उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात २६ एप्रिल २०१८ रोजी शाळेची व्हॅन चौकीदार नसलेल्या रेल्वे फाटकावर गाडीखाली आली आणि १३ बालके दगावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी प्राथमिक माहितीच्या आधारे सांगण्यात आले. आपल्याकडे विरार आणि वसईच्या दरम्यान दिवसरात्र लोकल धावतात आणि विजेवर चालणारी गाडी जवळ येईपर्यंत फारसा आवाज करीत नाही. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहेच. कानात हेडसेट असताना ते जिवावर बेतते. फलाटावर पोहोचण्यापूर्वी, रस्ता ओलांडताना आणि गाडीच्या चाकामागे बसताना हेडसेट कानातून काढून ठेवावा, असा नियम प्रत्येक घराने करावा. फोन महत्त्वाचा असेल, तर गाडी कडेला थांबवावी.

लहरी, चुंबक आणि बॅटरी

लहरींविषयी अनेकांच्या मनात धास्ती असते. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. धोका सिद्ध झालेला नाही आणि तो पूर्णपणे नाकारण्याइतका पुरावाही नाही, असा या गटाचा अर्थ आहे. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइलसाठी प्रतिकिलो १.६ वॅट ही शोषणाची मर्यादा आहे. हेडसेटचे ब्लूटूथ सुमारे २.५ मिलिवॅट शक्तीवर चालते, तर जुन्या पद्धतीचा मोबाइल क्षीण सिग्नलच्या ठिकाणी काही क्षणांपुरता २ वॅटपर्यंत जात असे. फोन डोक्यापासून दूर ठेवून हेडसेटवर बोलल्यास डोक्यावर पडणाऱ्या लहरी कमीच होतात.

हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. हेडसेटमध्ये आणि त्याच्या डबीत चुंबक असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली दिलेल्या सल्ल्यानुसार, अशी चुंबकयुक्त उपकरणे पेसमेकरपासून किमान सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर, दूर ठेवावीत. हेडसेट वा त्याची डबी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये.

चार्जिंग उशीखाली वा गादीवर करू नये. भिजलेला हेडसेट वाळल्याशिवाय चार्जरला लावू नये. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर तत्काळ थांबवावा. कानातील टोपण आठवड्यातून एकदा पुसावे आणि एकाचा हेडसेट दुसऱ्याने वापरू नये. कानाचा संसर्ग पसरू शकतो.

खाजगीपणा

आवाजाच्या आज्ञेची वाट पाहणारे यंत्र सतत ऐकत असते. आज्ञा समजण्यासाठी आवाज कंपनीच्या संगणकाकडे पाठवला जाऊ शकतो. साठवलेली ध्वनिमुद्रणे पाहण्याची आणि पुसण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती वापरावी. कोणी आपले दुःख सांगायला आले असेल, रुग्णाजवळ बसलो असू वा पापनिवेदनासाठी उभे असू, तेव्हा हे यंत्र बंदच असावे. ऐकणाऱ्याने त्या माणसाला दिलेला तो मान आहे.

हात मोकळे झाले की माणूस मोठ्याने बोलतो, हेही ध्यानात असावे. लोकलच्या डब्यात बँकेचा ओटीपी मोठ्याने वाचून दाखवणारे प्रवासी आढळतात. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतोच. आणि फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. हेडसेट दुसऱ्याला देताना वा दुरुस्तीला टाकताना फोनमधील जोडणी पुसून टाकावी.

एकट्या वृद्धांसाठी

शेवटी एक सूचना. हेडसेट म्हणजे जिवाची हमी नव्हे. फोन १० मीटरच्या आत नसेल, बॅटरी संपली असेल वा पडल्यामुळे हेडसेट कानातून निसटला असेल, तर तोंडची आज्ञा कोणापर्यंत पोहोचणार नाही. टेबलावरच्या बिनतारी हेडसेटची बैठक वीज गेली की बंद पडते, आणि पावसाळ्यात वीज जातेच. म्हणून पलंगाजवळ मोठ्या कळांचा एक साधा फोन असावा. भिंतीवर ११२ आणि मुलांचे क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

ज्यांच्या घरी असा हेडसेट पेटीत पडून आहे, त्यांच्या मुलानातवंडांनी एखाद्या रविवारी अर्धा तास काढावा. हेडसेट चार्ज करावा, पाच नावे नात्याने साठवावीत, आवाज बेताचा ठेवावा आणि आजीला स्वतःच्या तोंडाने पहिला फोन लावू द्यावा. त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी तिला त्याच हेडसेटवर फोन करावा, म्हणजे सवय होईल.

— संपादक